कारणाचा रकाना

हजेरीपुस्तकात कारणाला जागा दीड इंच.
तेवीस वर्षं मी त्यात माणसं बसवतोय.

जळगाव एमआयडीसी, चटईचा कारखाना.
पहिली पाळी सातची, फोन साडेपाचपासून.
पलीकडे कुणीतरी आवाज खोल नेतं,
आधी थोडं खोकून घेतं,
मग सांगायला लागतं.
एवढ्या वर्षांत कान तिखट झालेत माझे,
बोलण्याच्या मागचंही ऐकू येतं.

रमजान तडवी म्हणाला, सिव्हिलला आहे, काकाला सलाईन लावलंय.
मागे बडगीत वांगी ठेचल्याचा धप्प धप्प,
आणि कुणीतरी ओरडलं, "मिरच्या कमी पडतील रे!"
म्हटलं, काकांना जपा, तेल जास्त देऊ नका.
दुसऱ्या दिवशी त्यानं डबाभर भरीत आणलं
कळण्याच्या पुऱ्यांसकट.
काका बरे होते.

वच्छला सपकाळेला आखाजीच्या आदल्या दिवशी हिव भरतं,
दर वर्षी.
फोनमध्ये झोक्याची कडी करकरते,
तिचा आवाज जवळ येतो, लांब जातो, जवळ येतो:
"भाऊ, उठवत… नाही… हो…"
मी लिहितो: ताप, चढउतार.

जयेश बाविस्करचा टायफॉईड डिसेंबरातला, सारंगखेड्याच्या जत्रेचा.
त्याच्या वॉर्डात घोडे खिंकाळतात.

एकटा कैलास पावरा खरं बोलतो.
"भोंगऱ्या आहे. येणार नाही." फोन बंद.
सुरतेच्या ऑफिसातून विचारणा आली, हा कोणता आजार?
कळवलं, होळीच्या आधी येतो,
ढोल वाजवल्याशिवाय उतरत नाही.

हिलाल महाजन मात्र कलावंत.
त्याची माय माझ्या पुस्तकात दोनदा वारली,
एकदा पोळ्याला, एकदा मेहुण्याच्या हळदीला.
दोन्ही वेळा मी विचारलं, कशानं?
दोन्ही वेळा तो असा रडला
की मलाच पाणी प्यावं लागलं.
आणि बोनसच्या दिवशी म्हातारी स्वतः गेटवर हजर,
पिशवीत लाडू,
"मना हिलाल कोठे शे?"
वॉचमननं खुर्ची दिली. मी चहा मागवला.
दोनदा मेलेल्या बाईनं बशीत ओतून, फुंकर घालून चहा प्याला
आणि मला म्हणाली, पोऱ्यावर लक्ष ठेवजा.

मे महिन्यात एका पहाटे हिलालचा फोन.
खोकला नाही, प्रस्तावना नाही.
"भाऊ, गाडी पंक्चर व्हई गयी. आज येवाव नही."
एवढंच.
त्याच्या मानानं अगदीच लंगडं.
मी सवयीनं मागचं ऐकलं.
बाया होत्या. एकीचा सूर वर जायचा, बाकीच्या तो धरायच्या.
कुणी तरी विचारत होतं, बांबू कोणाकडून आणू?

खरं कारण त्यानं आधीच दोनदा खर्चून टाकलं होतं.
मला म्हणता आलं असतं काहीतरी.
मी म्हटलं, "बरं."
लिहिलं: पंक्चर.
दीड इंचात नीट बसलं.

पाचव्या दिवशी आला.
ऊन पंचेचाळीसचं, सगळ्यांच्याच डोक्याला रुमाल,
म्हणून त्याच्या रुमालाखालचं कुणाला दिसलं नाही.
पुस्तक पुढे सरकवत मी विचारलं, त्याच्याच बोलीत,
"निंघनं का रे पंक्चर?"

पेन उघडून तो त्या रकान्याकडे पाहत राहिला.
मागे लायनीत कुणीतरी म्हणालं, चला ना, भोंगा झाला.

"नही ना, भाऊ. ट्यूबच गयी."
सही केली.
"जुनी व्हती," म्हणाला,
आणि चार नंबरच्या मशीनकडे गेला.