टेबलाची रुंदी

नातियाचा चेहरा गोठायचा तो नेमका
तोंड अर्धं उघडं असताना.
पादोवातल्या परक्या स्वयंपाकघरातून ती विचारायची,
"बाबा, डोळ्याचं ऑपरेशन..."
आणि पडद्यावर एक गोल फिरत राहायचा,
दाणे संपलेल्या जात्यासारखा.
मी म्हणायचो, लॅपटॉप म्हातारा झालाय, पोरी.
खोटं नव्हतं.
पुरतं खरंही नव्हतं.

तिने पाठवलेले पैसे छपरात गेले होते.
सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला
आधी छप्पर, मग डोळा.

खालच्या साबाने सांगितलं, मेमरी वाढवा.
एलियावा बाजारात, गिअरबॉक्स आणि नळांच्या ढिगामागे,
एका पोराने बोटाएवढी हिरवी पट्टी
वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.
पस्तीस लारी. घासाघीस करून तीस.
यात काय काय राहतं, मी विचारलं.
"काहीच राहत नाही, काका.
साठा सगळा तळघरात. ही फक्त टेबलाची रुंदी."

हे मला कळलं.
आमच्या लग्नात शेजाऱ्याचं दार बिजागऱ्यांवरून उतरवून
टेबलाला जोडलं होतं,
तरी म्झियाचे मामा उभ्यानेच जेवले
आणि ते त्यांनी मरेपर्यंत ऐकवलं.

रात्री म्झियाने पांढरी चादर अंथरली,
जणू ऑपरेशन इथेच होणार होतं.
अकरा स्क्रू निघाले. तीन लांब, बाकी आखूड.
तिने ते अंड्यांच्या ट्रेमध्ये जिथले तिथे मांडले.
आधी रेडिएटरला हात लावा, साबाने बजावलं होतं,
अंगातली वीज उतरू द्या.
लावला. गारच होता तो, मार्च संपत आलेला.
झाकणाखाली धूळ
आणि एक लांब पांढरा केस. कुणाचा, यावर थोडं भांडण.

सत्तावीस वर्षं रुस्तावीच्या पोलाद कारखान्यात
मी क्रेन चालवली.
हुक कढईच्या कानात बसला की
वर केबिनमध्ये माझ्या तळपायांना कळायचं.
इथे पट्टी तिरकी घालायची, मग खाली दाबायची,
दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप लागतात, म्हणे.
एकच लागली.
डोळ्यांवर साय. म्झिया म्हणाली,
डावीकडे. अजून. अरे, तुझं डावं.
खट्.

बटण दाबलं. पडदा काळा.
म्झिया काही बोलली नाही,
आणि तिचं न बोलणं मला तोंडपाठ आहे.
पट्टी काढली. तिचे सोनेरी दात
साबाच्या खोडरबराने घासले, फुंकर मारली, पुन्हा बसवली.
पंखा खाकरला. उजेड आला.
दोनाच्या जागी आठ.
आम्ही दोघांनी एकेक पेला घेतला,
मामांच्या नावाने.

रविवारी नातिया हलली.
न थांबता हलली. केस मागे सारले, पाणी प्यायली,
तिच्या म्हातारीने आतून मारलेली हाकसुद्धा
अख्खी ऐकू आली.
मला दिसलं नसतं,
पण म्झियाचं कोपर बरगडीत लागलं
आणि मी नाक पडद्याला टेकवलं:
पोरीच्या बोटांना भेगा होत्या, ब्लीचच्या,
आजवर ज्या चौकोनी ठिपक्यांत विरून जायच्या.
आम्ही पाहिलं, हे तिनेही पाहिलं.
हात टेबलाखाली गेला.

मग तिने विचारलं.
सबंध वाक्य, शेवटच्या शब्दापर्यंत.
"डोळ्याचं ऑपरेशन झालं का, बाबा?"

मी त्या गोलाची वाट पाहिली.
घड्याळ वाजत होतं. तिची पापणी लवली, पुन्हा लवली.
म्झिया चादरीची घडी घालू लागली,
जी आधीच घातलेली होती.

"छप्पर," मी म्हणालो,
"आता गळत नाही."