दर सेकंदाला तीन

आई अ‍ॅकॉर्डियनच्या पत्त्या कानशीने घासते.
टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो.
एवढंच, म्हणते, बाकी सगळं मेण आणि राळ.
कास्तेलफिदार्दोच्या चढावर, बाल्देल्लींच्या कारखान्यात
एकोणचाळीस वर्षं तिचं हेच बाक.
खिडकीत कोनेरोचा डोंगर
आणि समुद्राची एक निळी चिंधी.

मी अंकोनाला गणित शिकते.
सुट्टीत घरी येताना एक सूत्र घेऊन आले:
कुठलेही दोन सूर घ्या,
त्यांचं गुणोत्तर लहानात लहान करा,
वरचा आकडा गुणिले खालचा.
गुणाकार जितका छोटा, तितकी जोडी गोड.
षड्ज-पंचम, तीनास दोन: सहा.
षड्ज-गंधार, पाचास चार: वीस.
तीव्र मध्यमापाशी पोचेस्तोवर चौदाशे चाळीस.
"आणि एकच सूर दोनदा?"
एक, मी म्हटलं. एकास एक. त्याहून गोड काही नाही.
ती हसली. कानस थांबली नाही.

कारण तिचं पोटच भरतं तो 'एक' बिघडवून.
एका पट्टीमागे दोन पत्त्या, सख्ख्या जुळ्या.
एक चारशे चाळीसवर सोडते,
दुसरीला मुद्दाम नेते चारशे त्रेचाळीसवर,
आणि तेवढ्या तीनाच्या फटीतून सूर हलायला लागतो
दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखा.
"तुझ्या त्या एकावर कोण नाचेल गं?"

रात्री मी हिशेब केला.
एक लाख चौऱ्याण्णव हजार नऊशे वीस.
कागदाची घडी घालून उशीखाली ठेवला.

मग ऑगस्टात, कारखाना बंद असताना,
तिचं तयार झालेलं वाद्य मी पट्टीपट्टीने मोजलं.
रेकानातीच्या देल्मोचं, लग्नांतून वाजवणाऱ्या.
दर सेकंदाला तीन ठोके.
तीन. दोन पूर्णांक नऊ. तीन पूर्णांक एक. तीन.
ना यंत्र, ना दिवा, नुसता कान,
आणि आलेख असा की ओळंबा लावावा.
एकोणतिसाव्या पट्टीपर्यंत.
पुढे चार. दोन. साडेपाच.
एका जागी जवळजवळ शून्य.
शेवटच्या पाच तर पडलेल्या दातांसारख्या.

आधी मला माइकचा संशय आला.
मग उन्हाचा.
तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा आठवलं,
मे महिन्यात ती म्हणाली होती,
यंदा पाकोळ्या आल्याच नाहीत.
आल्या होत्या.
आमच्याच वळचणीखाली, दिवसभर किंचाळत.

मी वही पुढे केली नाही.
पण ती उठली, वरच्या पत्त्यांची चौकट काढली,
दातांत धरून म्हणाली,
"इथे थोडं कळतं. फार वर नाही."

सोमवारपासून मी तिच्या शेजारी बसते.
मी भाता दाबते, ऐकते,
तिच्या मनगटावर बोटाने ठोके देते.
ती डोळे मिटून: "पळतंय."
घासते. पुन्हा मनगट पुढे करते.
"अजून पळतंय."
कधी मधेच तिची नाडी माझ्या बोटाखाली येते
आणि मी मोजायला चुकते.
बारा जोड्यांना चार दिवस लागले.

देल्मो आला. वाजवलं. कपाळाला आठी घातली.
"परवा घाईत वाजवून गेलो होतो, तेव्हा वर
काहीतरी सांडल्यासारखं यायचं.
ते कुठे गेलं? तेच तर आवडलं होतं."

आई त्याच्या ओठांकडे बघत होती,
पण त्याच्या मिशा दाट.
"काय म्हणतोय?"

मी म्हटलं, अचूक आहे म्हणतोय.