काट्यावर शून्य

सावदा-फैजपूर रस्त्यावर साठ टनांचा वजनकाटा,
केबिन, पंखा, पावतीचं मशीन आणि मी.
केळीचे ट्रक येतात, आधी रिकामे, मग भरलेले.
मी वजाबाकी करतो. चौदा वर्षं हेच.

ती आली ती थेट काट्याच्या मधोमध बसली,
वैशाखात, दिवेलागणीला, लोखंड निवल्यावर.
आकडा हललासुद्धा नाही.
दहा किलोंच्या खालचं ह्या काट्याला काही कळत नाही.
सुभान तडवी हसला, पाठीवरचा घड उतरवत:
"भाऊ, इचं वजन तुम्हालेच करा लागीन."

केलं, पण चुकत चुकत.
उताणी लोळली, पोट दाखवलं,
मला वाटलं, खाजव म्हणते.
मनगटावरचे तीन ओरखडे अजून पांढरे आहेत.
ती एवढंच सांगत होती:
तू असलास तरी मला झोप लागते.
हात लावायचं आवतण वेगळं.

शेपूट ताठ उभी, टोकाला छत्रीच्या दांड्यासारखी वाकलेली,
म्हणजे ओळख पटली.
तीच शेपूट बसल्या जागी फरशीवर आपटू लागली,
की चहासुद्धा हळू ओतावा.
कान मागे चपटे: रस्त्यावर कुत्रं आहे,
नाहीतर शेठ आलाय.
पोटरीला गाल घासते तो लाड, असं मी धरून चाललो होतो.
सुभान म्हणतो, शिक्का मारते ते,
तुम्ही पावतीवर मारता ना, तसा.

आणि घुरघुर. तीही सुखाचीच असते असं नाही.
पंजा चाकाखाली चेंगरला त्या रात्री
पहाटेपर्यंत घुरघुरत होती,
स्वतःलाच थोपटत असावी.

मी मात्र टक लावून बघायचो. आकड्यांची सवय.
बॅटरीच्या खोक्यामागे व्याली, तर टॉर्च मारून
मोजली: चार.
सकाळी एकही नाही.
मग केळीच्या खोडांच्या ढिगात, मग टाकीखाली,
मी जितक्यांदा शोधलं तितक्यांदा तिनं बिऱ्हाड हलवलं.

शेवटी शोधणं सोडलं.
समोर आली की पापण्या सावकाश मिटायच्या,
सावकाश उघडायच्या,
आणि बघायचं भलतीकडेच, रावेरकडच्या वळणाकडे.
नवव्या दिवशी तोंडात एक पिल्लू धरून आली,
पावतीपुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवलं
आणि दुसरं आणायला गेली.

हे सगळं आठवलं, कारण डिंपल आली आहे.
जळगावच्या होस्टेलवरून, परीक्षा अर्धी टाकून.
आई विचारते, काय झालं. मामा विचारतो.
फोनवर फैजपूरची आत्या विचारते.
ती अंगणात पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजतेय,
खांदे कानांपर्यंत ओढून.

मी जाऊन बसलो, थोडा तिरका,
तोंड तिच्याकडे नाही, पाठही नाही.
कांद्याची पात निवडायला घेतली.
साल तडतडत होती.
एकदा नजर भिडली. मी पापण्या मिटल्या,
सावकाश,
आणि पातीकडे बघत राहिलो.

ती काही बोलली नाही.
बऱ्याच वेळानं
एक वांगं काडीनं माझ्याकडे सरकवलं, सोलायला.
आत अजून धग होती.