काही नाही

सितियाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी
एक कागद हातात ठेवला.
म्हणाल्या, मानूसोस, नळीत स्प्रिंग बसवलीय,
बाकीचं आता या कागदावर.

घरी येऊन चष्मा लावला.
रानातली पालेभाजी, रोज.
मसूर, वाल, हरभरे.
मासळी आठवड्यातून दोनदा, मटण सणासुदीला.
ऑलिव्हचं तेल, हात न आखडता.

वाचता वाचता असा हसलो
की मनगटातली सुईची जागा ठणकली.
अरे, हे तर आमचं दारिद्र्य!
कुणीतरी टंकून काढलंय, खाली शिक्का मारलाय.

आई, आज काय आहे?
काही नाही.
काही नाही म्हणजे डोंगरावरचा कडू पाला, उकडलेला,
वर लिंबू,
आणि जवाचा दोनदा भाजलेला पाव,
पाण्यात बुडवल्याशिवाय दाताला न लागणारा.
वीस वर्षं तिनं मला काही नाही वाढलं
आणि स्वतः तेच खात
सत्त्याण्णवाव्या उन्हाळ्यातही
शेळीमागं चढ चढत राहिली.

मी त्या काही नाहीला लाजून
श्टुटगार्टला पळालो.
कँटीनमध्ये पहिल्याच दिवशी
सॉसेज, बटाट्यांवर लोण्याचा गोळा.
पत्र टाकलं: आई, इथं रोज ईस्टर.
शेजारणीकडून लिहवून तिनं विचारलं,
रोज ईस्टर, तर उपास कधी?
मला वाटलं, म्हातारी देवाधर्माचं बोलतेय.

आज तिचीच मोडक्या मुठीची सुरी घेऊन
डोंगरावर गेलो.
सगळं हिरवं सारखंच.
कागदावर नुसतं 'पालेभाजी',
कुठली कोणत्या दगडाआड, ते नाही.

उतरताना कुंपणाशी द्रिता भेटली,
अल्बेनियाची, शेजारच्या म्हाताऱ्याला सांभाळते.
माझी पिशवी तिनं दगडावर पालथी केली.
हे शेळ्यांचं. हे कुणाचंच नाही.
हे खाल्लंस तर बाई तुला
दुसरा कागद देतील, काळ्या चौकटीचा.
निम्म्याहून जास्त फेकलं.
मूठभर उरलं ते उकडून चिमूटभर झालं.

कडू. विसरलो होतो इतकं कडू.

वर तेल ओततो, कागदात म्हटलंय तसं.
या एकाच ओळीत कागद आणि आई जुळत नाहीत.
तिचा हात आखडायचा.
तेल विकायचं असायचं.
माझं श्टुटगार्टचं तिकीट
त्याच बुधल्यातून निघालं होतं.