माठाला सांग

पाथर्डी फाट्यावर, टायरवाल्याच्या वरच्या मजल्यावर
आमची कंपनी. माणसं सहा, खुर्च्या पाच,
म्हणून एक जण कायम चहा आणायला गेलेला असतो.
खाली व्हील अलाइनमेंट, वर सगळं वाकडं,
असं टायरवाला म्हणतो. आम्ही ऐकून घेतो.
इन्व्हर्टर त्याचा आहे.

फळ्यावर नियम, खैरनार मॅडमच्या अक्षरात:
शुक्रवारी चारनंतर काहीही लाइव्ह करायचं नाही.
ज्याने बिल्ड मोडला, शनिवारची मिसळ त्याची.
(खाली इम्तियाजची भर: जादा पाव धरून.)
‘माझ्या मशीनवर चालतंय’ म्हणणाऱ्याने
मशीन मांडीवर घेऊन लासलगावला जावं. एस्टीने.
आणि अडलं, तर शेजाऱ्याचे हेडफोन ओढण्याआधी
माठाला सांग.

माठ पेठ रोडच्या कुंभाराकडचा,
तोटी गळकी, खाली स्टीलचं पातेलं.
त्याच्यापुढे उभं राहायचं
आणि आपला कोड ओळीओळीने समजावायचा, मोठ्याने.
माठ मध्ये बोलत नाही.
‘हे तर सोपंय’ म्हणत नाही.
‘मी असतो तर’ तर अजिबातच नाही.

सटाण्याचा लौकिक निकम नवा लागला तेव्हा
हे ऐकून खो खो हसला.
‘माठाला माठ हसला,’ इम्तियाज म्हणाला,
आणि ते नाव पोराला पंधरा दिवस चिकटलं.

मग एका मंगळवारी पिंपळगावहून
बाजार समितीतल्या गायखे भाऊसाहेबांचा फोन:
‘ट्रॅक्टर तीस क्विंटलचा, तुमच्या बिलावर तीस किलो.
अहो, एवढा कांदा आमच्याकडे बारशाला लागतो!’

लौकिकने दोन तास स्क्रीनकडे डोळे वटारले.
स्क्रीननेही वटारले.
तिसऱ्या तासाला उठला, तहानेचं निमित्त करून,
इकडेतिकडे बघून पुटपुटायला लागला:
हे बघ, काट्यावरून किलो येतात.
इथे मी शंभराने भागतो, झाले क्विंटल.
ते जातात या फंक्शनमध्ये,
आणि इथे मी त्यांना शंभराने

पेला भरून वाहिला, पातेलं भरून वाहिलं,
लौकिक तसाच उभा.
‘सापडलं?’ मॅडमनी मान वर न करता विचारलं.
‘दोनदा भागत होतो.’
‘आधी फरशी पूस. मग टेस्ट लिही.
हुशार आहेस ते उद्या सांगू.’

कुठली ओळ कुणी लिहिली हे दाखवणारी एक कमांड असते.
इंग्रजीत तिला ब्लेम म्हणतात, आमच्याकडे खापर.
‘खापर लावून बघ रे,’ आणि दहातल्या सात वेळा
निघतो आपण स्वतःच,
मार्चमधले, रात्री पावणेबाराचे,
नोंदीत एवढंच: ‘आता तरी चाल बाबा’.

मे महिन्यात माठ फुटला.
सोमवारी आलो तर फरशीवर ओल आणि तुकडे.
टायरवाला म्हणाला, मांजर.
इम्तियाज म्हणाला, लौकिकने काहीतरी झेपणार नाही असं विचारलं असेल.
इतकं खापर पायाशी पडलेलं,
आणि फोडायला एक डोकं मिळेना.
मॅडमनी मोठा तुकडा धुऊन
बिलांच्या गठ्ठ्यावर ठेवला, पंख्याने उडू नयेत म्हणून.

दोन दिवस वीस लिटरचा जार होता.
पाणी गार होतं, तक्रार नाही.
पण त्याला कुणी काही सांगितलं नाही,
आणि दोन्ही दिवस एकमेकांचे हेडफोन ओढण्यात गेले.

बुधवारी नवा माठ आला.
अजून पाझरायलाही लागला नव्हता,
तोवर लौकिक त्याच्यापुढे उभा राहून
काट्यापासून बिलापर्यंत सगळी सिस्टिम सांगायला लागला.
‘अडलंय कुठे?’ मॅडमनी विचारलं.
‘कुठेच नाही. तो नवीन आहे ना.’
खोली जरा गप्प झाली.
मग कोपऱ्यातून इम्तियाज:
‘माझ्या मॉड्यूलपाशी पोचलास की हाक मार.
मलाही एकदा ऐकायचंय.’