रांग एकतीस, खुर्ची चौदा

शार्लटहून दोघं आले, कडक इस्त्रीच्या शर्टांत,
हातातल्या टॅबलेटवर तेवीस प्रश्न घेऊन.
गेलेली माणसं परत कशी आणायची
असं सरळ विचारत नव्हते,
ताकाला येऊन भांडं लपवत होते.
'आपला अनुभव एक ते दहामध्ये सांगा, मिसेस क्रॉली.'

माझा अनुभव अडीच फूट रुंद आहे.
एकोणतीस वर्षं या तिकीट-खिडकीत बसते,
काचेला खाली अर्धगोल भोक, नोटा सरकवायला.
तेवढ्यातून मी फक्त हात पाहिलेत.
नखांत ग्रीस मुरलेले,
लाकूड-गिरणीत एक बोट ठेवून आलेले,
आणि एखाद्या पोराचा,
पाच डॉलरची घामट नोट, चार घड्या घातलेली.

मग गिरणी बंद झाली. हात कमी झाले.
मग तिकीट चढलं.
मग मोठ्या शर्यती वाळवंटात गेल्या, हॉटेलांच्या गावी,
आणि आमच्याकडे हुकूम आला:
वरच्या पाच रांगा उखडा,
उरलेल्या खुर्च्या पाच रंगांत रंगवा,
म्हणजे कॅमेऱ्याला वाटेल, माणसं बसली आहेत.
त्यातला एक रंग मी सुचवला होता.
निळा.

पूर्वी व्हर्लिन स्प्राउस शनिवारी जी गाडी पळवायचा
तिची धाकटी बहीण माझ्या दारात उभी असायची.
तो हरला की सोमवारी
किल्ली फिरवताना मलाच कसंनुसं व्हायचं.
मंगळवारी तोच व्हर्लिन माझा बंपर ठोकून सरळ करायचा,
आणि तिसऱ्या वळणावर काय चुकलं ते सांगायचा, न विचारता.
आता गाड्या एकाच साच्यातल्या.
दिवेसुद्धा चिकटवलेले, नुसतं चित्र.
चित्राने अंधारात काय दिसणार?

लोक हसतात: काय ते, नुसतं डावीकडे वळत राहायचं!
खरंय.
साठ वर्षं घड्याळाच्या उलट फिरल्या इथे गाड्या,
वेळ तसूभर मागे सरली नाही.

एप्रिलमध्ये एक हात आला भोकातून,
मनगटावर भाजल्याचा जुना डाग.
'रांग एकतीस, खुर्ची चौदा.'
म्हटलं, रांगा सव्वीसवर संपतात आता.
'ठाऊक आहे. तिकीट दे.'
मशीन ऐकेना. नसलेल्या जागेचं तिकीट ते छापत नाही.
खणातून जुनं पुस्तक काढलं,
पेनाने आकडे घातले, फाडून दिलं.
वाकून पाहिलं तेव्हा कळलं, हॉइट लेडबेटर,
काखेत घडीची खुर्ची.
अकरा वर्षांनी.
त्याचा बाप तिथे बसायचा, थर्मास पायांत धरून,
प्रत्येक फेरीची रेघ पेन्सिलीने ओढत.

गेटवरचा पोरगा वर जाऊन बघून आला.
म्हणाला, काँक्रीटमध्ये बोल्टांचे चार खुंट अजून आहेत,
खुर्चीचे पाय बरोब्बर मध्ये बसले.

मेमध्ये सहा खुर्च्या झाल्या.
जूनमध्ये सतरा, आणि स्वयंपाकघरातलं एक स्टूल,
आणि कुणीतरी ट्रॅक्टरचं आसन दोरीने बांधून चढवलं.
अग्निशमनवाला तपासायला आला,
वही उघडली,
आणि दोनशेवी फेरी होईस्तोवर
त्याने त्या वहीत काही लिहिलं नाही.
माझं जुनं पुस्तक संपत आलंय.

हे सगळं मी त्या दोघांना सांगितलं.
त्यांनी विचारलं, मग याला किती गुण द्यायचे?
शेवटच्या प्रश्नाखाली चौकट होती, सूचनांसाठी,
वीस शब्दांची.
मला पाचच लागले:
खुंट कापू नका. ते भरलेत.

मग दोन तिकिटं फाडली त्यांच्यासाठी,
सत्तावीस, तीन आणि चार.
पैसे घेतले. फुकट बसलेला माणूस पाचव्या फेरीला उठतो.
म्हटलं, खुर्च्या माझ्या ट्रकमध्ये आहेत, आणून द्या परत.
आणि वर टायरचा काळा चुरा उडतो,
शर्टांवर बसेल.
झटका फक्त,
चोळू नका, चोळलं की पसरतो.