शेवटची बस दहा चाळीस

आधी रिळं भाजून घ्यावी लागली.
इतक्या वर्षांत फितीचा गोंद दमट होतो, चिकटतो.
तशीच यंत्रावर चढवली तर आवाज सोलून निघतो,
उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा.
म्हणून पंचावन्न अंश, आठ तास,
फळं सुकवायच्या डब्यात चार रिळं.
ग्रिम्स्बीच्या फेब्रुवारीत, ऊन रजेवर असताना,
माझं हे वाळवण.

खोक्यावर निळ्या शाईत: मिल्क टोकन्स, १९७९, चर्चचा हॉल.
मागे त्याच हातानं:
हीटर परत करणे. नेविलकडे दोन पौंड.

चौघं होते. तिघं मासळीच्या गोदीत कामाला,
चौथ्याला शाळेनं काढलेलं.
तीनशे तबकड्या छापल्या, एकशे नव्वद परत आल्या,
त्यातल्या काही कुणाच्या तरी वाटाण्याच्या वाफ्यावर
पाखरं हाकलायला टांगल्या होत्या म्हणे.
आता एकेक तबकडी माझ्या महिन्याच्या भाड्याला जाते
आणि लीड्सचे एक गृहस्थ मला पत्र लिहितात:
तिसऱ्या गाण्यात, एक मिनिट बाराव्या सेकंदापासून
जी किंकाळी चढत जाते, चढतच जाते,
ती कोणत्या उपकरणाची?
त्यांच्या मते तिथं एक युग संपतं.

मी इचलकरंजीची. मागांच्या खडखडाटात वाढलेला हा कान
गोंगाटाला बिचकत नाही, त्यात तुटलेला दोरा शोधतो.
आई अजून फोनवर ओरडूनच बोलते,
आमच्या दोघींमध्ये माग चालू असल्यासारखी.
ड्रमचे पहिले चार ठोके ऐकले आणि कळलं,
हा पोरगा वाजवत नाहीये,
रात्रपाळी उरकतोय.

त्यांच्या वेगाबद्दल काय काय लिहिलंय लोकांनी.
चीड, बेकारी, बंड.
असेलही.
खोक्यात एक वही होती. गाण्यांच्या यादीखाली,
दोनदा अधोरेखित:
शेवटची बस दहा चाळीस.

गुरुवारी लिनेट स्लाइट आल्या. ड्रमरची बहीण.
रिळं त्यांनीच आणून दिली होती, धुण्याच्या पिशवीतून.
रेनकोट काढला नाही, खुर्चीच्या काठावर बसल्या.
पहिलं गाणं संपल्यावर म्हणाल्या, तेव्हाही नव्हतं आवडलं.
दुसऱ्याला चष्मा पुसला.
तिसऱ्याला ती किंकाळी निघाली
आणि त्या हसायला लागल्या, खोकला लागेपर्यंत हसल्या.

अहो, किटली आहे ती.
मी चौदाची. मला चहा करायला नेलं होतं.
क्लाइव्ह हातवारे करत होता, गॅस बंद कर, गॅस बंद कर,
आणि मी केला नाही.

का?

बँडमध्ये येतेस का, असं मला कुणी विचारलंच नव्हतं.

मी फीत पुढे जाऊ दिली.
गाणं धडपडत संपतं. कुणीतरी शिवी घालतं.
एक काठी जमिनीवर घरंगळत जाते, बराच वेळ जाते.
मग अगदी जवळून, दम लागलेला आवाज:
लिन, दोन साखर.

क्लाइव्ह हल्ली कुठे असतात, मी विचारलं.
त्यांनी रेनकोटचं वरचं बटण लावलं.
मग म्हणाल्या, ती शिट्टी साफबिफ करू नका हं.

नोंदपत्रात वाद्यांचा रकाना आहे.
गिटार, बेस, ड्रम.
खाली टाइप केलं: किटली, लिनेट स्लाइट.
वरिष्ठ काय म्हणतील ते म्हणोत.
लीड्सच्या पत्राला अजून उत्तर दिलेलं नाही.
त्यांचं युग आणखी थोडे दिवस संपत राहू दे.

बोटांच्या टोकांवर तपकिरी भुकटी राहिलीय.
भाजूनही थोडी सुटतेच.
म्हणजे त्या संध्याकाळचं काहीतरी,
ठोका, शिवी की साखर, कोण जाणे,
माझ्या नखात आहे आणि आता कुठल्याच यंत्राला ऐकू येणार नाही.
धुवायला उठले तर घड्याळात सात वाजून गेलेले.
त्या मार्गावर हल्ली शेवटची बस सव्वासातची.
दिवा मालवला, जिना धावत उतरले,
चार चार पायऱ्यांच्या ठेक्यात,
हात तसेच.